किरळ की नायट्राइट? इंजेक्शन भरण्याआधी रक्ताचा रंग बघा

पावसाने ओढ दिली की ज्वारी-मका माना टाकतात, पाने सुरळीसारखी आवळून घेतात. मग एका रात्री पाऊस येतो, दोन दिवसांत रान हिरवेगार दिसू लागते, आणि महिनाभर वाळल्या काडीवर काढलेले जनावर दाव्याला हिसके देऊ लागते. मालकालाही राहवत नाही. तो विळा घेतो, दोन पेंढ्या कापतो आणि पुढ्यात टाकतो. या दोन पेंढ्यांची माया कधी कधी जनावराच्या जिवावर उठते.

असे पावसाचे खंड आता नवलाचे राहिले नाहीत. २०२३ चा ऑगस्ट हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला राज्यातल्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, त्यात आपले वडवणी, धारूर आणि अंबाजोगाई होते. अशा साली पाण्याची चर्चा होते, पीकविम्याची होते, छावण्यांची होते. खंडानंतरच्या पहिल्या हिरव्या वैरणीची चर्चा मात्र कुणी करत नाही. म्हणून आज ती.

काही वर्षांपूर्वी आपल्याच जिल्ह्यातल्या एका गावी पंचनाम्याच्या वेळी मी हजर होतो. दोन म्हशी आणि एक दुभती गाय. सकाळी बाजरीची हिरवी वैरण खाल्ली, दुपार कलायच्या आत तिन्ही आडवी. गावात लगेच दोन तट पडले. एक म्हणे किरळ लागली. दुसरा म्हणे, बांधाच्या भांडणातून कुणीतरी पेंडीत काहीतरी कालवलं. चुलत्याचे नाव उघड घेतले जात होते आणि प्रकरण ठाण्यावर जायच्या बेतात होते. तेवढ्यात पशुवैद्यक आले. त्यांनी शवाची शीर उघडली आणि रक्त पांढऱ्या फडक्यावर घेतले. रक्त लाल नव्हतेच, काकवीसारखे गडद तपकिरी होते. ते मालकाला एवढेच म्हणाले, ‘‘दादा, बाजरीला किरळ नसते. हे तुमच्या रानातलंच आहे, चुलत्याचं नाही.’’ मालक बराच वेळ गप्प बसला होता. जनावरे गेल्याचे दुःख होतेच, पण आपणच आपल्या हाताने घातले हे कळल्यावर माणूस कसा खचतो ते तेव्हा पाहिले.

हे जे रानातले होते त्याचे नाव नायट्रेट, आणि पोटात गेल्यावर त्याचे जे होते ते नायट्राइट. किरळ आपल्याकडे पोरासोरांना ठाऊक आहे. कोवळी ज्वारी, खोडव्याचे फुटवे, ताणात वाळत चाललेले पीक जनावराने खाल्ले की किरळ लागते. नायट्राइटची बाधा मात्र बहुतेकांना माहीत नाही, आणि गोठ्यात ती किरळीच्याच नावावर खपते. नावाची चूक झाली तर काय बिघडले, असे कुणी विचारील. बिघडते ते असे, की एकाचा उतारा दुसऱ्याला दिला तर वाचणारे जनावरही मरते.

दोन विषे, दोन विकरे

शरीरातली कामे विकरे करतात. शाळेच्या पुस्तकात त्यांना एन्झाइम म्हणतात. कारखान्यात जशी प्रत्येक यंत्रावर नेमलेली माणसे असतात, तशी ही पेशीपेशीत नेमलेली असतात. किरळीचे विष म्हणजे हायड्रोसायनिक आम्ल. ते पेशीतल्या सायटोक्रोम ऑक्सिडेज या विकराला पकडून बसते. रक्त प्राणवायू घेऊन पेशीच्या दारापर्यंत येते, पण तो आत वापरणारा विकर बांधला गेलेला असतो. प्राणवायू रक्तातच पडून राहतो, म्हणून किरळ लागलेल्या जनावराचे रक्त चांगले लालभडक दिसते. हा खेळ मिनिटांचा असतो. वैरण खाल्ल्यावर दहा-पंधरा मिनिटांत जनावर धापा टाकते, आचके देते आणि कोसळते.

नायट्राइटचे उलट आहे. ते रक्तातच घोटाळा करते. हिमोग्लोबिनमध्ये जे लोह असते त्याचे रूप ते पालटून टाकते. अशा बिघडलेल्या हिमोग्लोबिनला मेथहिमोग्लोबिन म्हणतात. ते प्राणवायू उचलूच शकत नाही. गाडी आहे, बैल आहेत, पण गाडीत माल चढत नाही, असा प्रकार. रक्त तपकिरी, कोऱ्या चहासारखे किंवा काकवीसारखे होते. हिरड्या, डोळ्यांची आतली कातडी आणि योनीचा आतला भाग मळकट तपकिरी-निळसर दिसतो.

निरोगी जनावरातही थोडेफार हिमोग्लोबिन रोज असे बिघडतच असते. ते दुरुस्त करायला तांबड्या पेशीत एक विकर बसवलेला आहे, त्याचे नाव मेथहिमोग्लोबिन रिडक्टेज. त्याच्यामुळे बिघडलेला भाग शेकडा एक-दोनच्या वर जात नाही. नायट्राइट जास्त आले की हा दुरुस्तीवाला मागे पडतो. शंभरातले तीस-चाळीस भाग बिघडले की लक्षणे दिसू लागतात: धाप, नाडी जलद पण कमजोर, थरथर, झोकांड्या, वारंवार लघवी. सत्तर-ऐंशीपर्यंत गेले की खेळ संपतो. भरीला नायट्राइट रक्तवाहिन्या सैल पाडते, रक्तदाब उतरतो, आणि आधीच गुदमरलेल्या जनावराला उभे राहणेही जमत नाही. अशा वेळी त्याला हाकलत दवाखान्यात नेऊ नये. चालवले की प्राणवायूची गरज वाढते आणि जनावर वाटेतच पडते. डॉक्टरांना गोठ्यात आणावे.

आता उताऱ्याकडे या. किरळीवर पूर्वापार दोन औषधे मिळून शिरेतून देतात, सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट. थायोसल्फेट म्हणजे जुन्या फोटो स्टुडिओत मिळायचा तो हायपो. यातले पहिले नाव पुन्हा वाचा. किरळीचे औषध म्हणून जे दिले जाते ते नायट्राइटच आहे! त्यामागे शास्त्र आहे. नायट्राइट मुद्दाम थोडे मेथहिमोग्लोबिन तयार करते, ते पेशीतल्या सायनाइडला स्वतःकडे ओढून घेते, मग थायोसल्फेट आणि यकृतातला ऱ्होडनीज हा विकर मिळून त्याचे निरुपद्रवी थायोसायनेट करतात आणि ते लघवीवाटे निघून जाते. काट्याने काटा काढायची ही पद्धत आहे. पण ज्या जनावराच्या अंगात आधीच नायट्राइट भरले आहे, त्याला किरळ समजून हेच इंजेक्शन दिले तर? उरलेसुरले चांगले हिमोग्लोबिनही गेले.

नायट्राइटचा खरा उतारा म्हणजे मेथिलिन ब्लू, शिरेतून सावकाश द्यायचे निळे औषध, साधारण एक टक्क्याचे द्रावण. तेही विकराच्याच जोरावर काम करते. तांबड्या पेशीत दुरुस्तीचा दुसरा एक विकर असतो, तो एरवी जवळजवळ बसूनच असतो. निळे औषध मिळाले की तो कामाला लागतो आणि बिघडलेले लोह मूळपदावर आणतो. वेळेवर मिळाले तर तासाभराच्या आत जनावर डोळे उघडते. नंतर लघवी हिरवट-निळी होते, घाबरू नये. दूध किती दिवस वापरायचे नाही ते डॉक्टरांना विचारून घ्यावे. मात्र हे घरी करायचे काम नव्हे, आणि बाजारातला निळा रंग म्हणजे हे औषध नव्हे. मात्रा चुकली तर हेच औषध रक्त बिघडवते.

म्हणून या लेखाचे नाव तसे ठेवले आहे. डॉक्टरांना हे ठाऊक असतेच. पण रात्री-अपरात्री गावातला कुणी इंजेक्शन टोचणारा हाताशी असतो, त्याने ‘‘ज्वारी खाल्ली ना, मग किरळच’’ असे म्हणून हात चालवला तर काय, हा प्रश्न आहे. मालकाने तेवढ्यात दोन गोष्टी बघून ठेवाव्यात: खाल्ल्यापासून किती वेळाने त्रास सुरू झाला आणि हिरडीचा रंग काय. मिनिटांत पडले आणि हिरडी लाल, तर किरळीचा संशय. काही तासांनी पडले आणि हिरडी तपकिरी, तर नायट्राइटचा. शिवाय वैरण कोणती तेही सांगावे. ज्वारीत दोन्ही विषे असू शकतात. बाजरीत किरळीचे विष नसते, पण नायट्रेट भरपूर साठते. मक्याचेही जवळपास तसेच. ‘‘बाजरीच आहे, बिनधास्त घाला’’ हा आपल्याकडचा सल्ला म्हणूनच अर्धा खरा आहे.

वाळवणीचाही असाच गैरसमज आहे. ज्वारी कापून चांगली वाळवली की किरळीचे विष बहुतांशी उडून जाते, हे खरे. त्यामुळे ‘कडबा झाला म्हणजे विष गेले’ असे आपण धरून चालतो. नायट्रेट उडत नाही. हिरव्यात जेवढे होते तेवढे कडब्यात राहते. दोन वर्षे गंजीत ठेवले तरी राहते.

ही गोष्ट काही आजची नाही. अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये १८९५ साली मेयो नावाच्या पशुवैद्यकाने मक्याची ताटे खाऊन मेलेल्या गुरांचा छडा लावला तेव्हा ताटांत चक्क सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट सापडले होते. पुढे १९३९-४० च्या सुमारास वायोमिंगमध्ये ओटच्या वाळल्या गवताने जनावरे मरत होती. तिथल्या संशोधकांनी नायट्रेट, तपकिरी रक्त आणि निळे औषध हा सगळा धागा जुळवला. म्हणजे उतारा सापडून ऐंशी वर्षांवर झाली.

पिकात विष येते कुठून

कुणी घालत नाही, पीकच ओढून घेते. आपण शेणखत टाकतो, युरिया टाकतो. जमिनीतले जिवाणू त्याचे नायट्रेट करतात आणि मुळे ते शोषतात. पानात नायट्रेट रिडक्टेज नावाचा विकर त्याचे नायट्राइट करतो, दुसरा विकर लगेच अमोनिया करतो, आणि त्यापासून प्रथिने बनतात. सगळे सुरळीत चालले तर नायट्रेट साठायचे कारण नाही. पण हा विकर उजेडावर आणि पाण्यावर चालणारा आहे. ताण पडला की त्याचे काम मंदावते. नंतर पाऊस पडला की जमिनीत साठलेले नायट्रेट एकदम विरघळते, मुळे अधाशासारखी ओढतात, आणि वर आभाळ झाकोळलेले असल्याने पानातला विकर अर्धपोटी. मधल्या मध्ये माल ताटाच्या खालच्या भागात साठून राहतो. म्हणून पावसानंतरचे पहिले आठ-दहा दिवस धोक्याचे. पंधरवडा थांबलात तर उत्तम.

ताटात साठा कुठे असतो हे नीट लक्षात घ्या, कारण बचाव त्यातच आहे. सर्वांत जास्त बुडख्याकडे, वर जावे तसा कमी, पानात त्याहून कमी, दाण्यात जवळजवळ नाही. म्हणजे वीत-दीड वीत बुडखा रानातच ठेवून कापले तर निम्मी काळजी मिटते. वैरण टंचाईत बुडखा सोडायला जीव होत नाही, हे मीही शेतकऱ्याचाच पोरगा असल्याने जाणतो. पण टंचाईतच तो सोडायचा असतो. कापणी पहाटे न करता उन्हाच्या दिवशी दुपारनंतर करावी. दिवसभराच्या उजेडात विकराने बरेच नायट्रेट वापरलेले असते.

माठ, काटेमाठ, चाकवत, धोतरा ही तणे तर नायट्रेटची कोठारे आहेत. खुरपणीचे तण घमेल्यात भरून म्हशीपुढे टाकायची आपली सवय आहे. टू-फोर-डी मारलेल्या रानातले तण तर मुळीच घालू नये. फवारणीनंतर तणातले नायट्रेट वाढू शकते, आणि एरवी जनावर ज्याला तोंड लावत नाही ते तणही मग आवडीने खाते.

पोटात काय होते? गाय-म्हैस-शेळी रवंथ करणारी. कोठीपोटातले जिवाणू नायट्रेटचे नायट्राइट आणि नायट्राइटचा अमोनिया करतात. पहिली पायरी झटपट होते, दुसरी सावकाश. थोडे थोडे आले तर दोन्ही पायऱ्या जुळतात आणि जनावराला त्यातून प्रथिनेच मिळतात. भुकेल्या जनावराने एकदम गच्च खाल्ले की दोन पायऱ्यांच्या मधे नायट्राइट तुंबते आणि रक्तात उतरते. म्हणून उपाशी जनावराला खंडानंतरच्या हिरव्यावर सोडू नये. आधी पोटभर वाळला चारा, मग थोडे हिरवे, निम्म्याहून कमी, आणि आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवत न्यावे. सोबत भरडा किंवा धान्य असेल तर जिवाणूंना दुसरी पायरी चढायला बळ मिळते. कुट्टी केलेली ओली वैरण रात्रभर ढिगात ठेवू नये. ढीग आतून तापतो आणि नायट्राइट गोठ्याबाहेरच तयार होऊ लागते.

मुरघास हा चांगला उपाय. आंबण्याच्या क्रियेत नायट्रेटचा मोठा भाग मोडतो, साधारण तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत, कधी जास्तही. दीड महिना तरी खड्डा उघडू नये. आणखी एक धोका ध्यानात ठेवा: भरल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत खड्ड्यातून पिवळसर तांबूस, नाकाला झोंबणारा वायू निघू शकतो. तो जड असतो, खड्ड्यातच तळाला बसतो. पोरांना तिकडे फिरकू देऊ नये, स्वतःही उतरू नये.

गाभण जनावराचे वेगळे सांगितले पाहिजे. बाधेतून गाय वाचते, चार-आठ दिवस बरी दिसते आणि मग गाभ टाकते. नायट्राइट वारेतून वासराकडेही जाते आणि पोटातच त्याचा प्राणवायू तुटतो. गाभ का टाकला याची कारणे आपण देवादिकांपासून शेजाऱ्याच्या नजरेपर्यंत शोधतो, पंधरा दिवसांपूर्वी काय घातले ते कुणी आठवत नाही. उंदरांवरच्या प्रयोगांत सोडियम नायट्राइट दिल्यावर यकृताची विकरे रक्तात पाझरल्याचे आणि पेशीचे रक्षण करणारी कॅटलेजसारखी विकरे मंदावल्याचे दिसले आहे. मारण्याइतके नसलेले नायट्राइटही जनावराला अगदीच मोकळे सोडत नाही, एवढे त्यातून घ्यावे.

विहिरीचा दोष किती

केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या भूजल गुणवत्ता अहवालात देशातल्या ४४० जिल्ह्यांत नायट्रेट मर्यादेपेक्षा जास्त आढळल्याचे म्हटले आहे. २०१७ मध्ये असे जिल्हे ३५९ होते. सर्वांत जास्त प्रमाण असलेल्या १५ जिल्ह्यांत महाराष्ट्रातले सात आहेत: वर्धा, बुलडाणा, अमरावती, नांदेड, जळगाव, यवतमाळ आणि आपले बीड. माणसाच्या पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅम ही मर्यादा. तान्ह्या बाळाच्या रक्तातला दुरुस्तीचा विकर अजून कच्चा असतो, म्हणून विहिरीच्या अशा पाण्यात पावडरचे दूध कालवून पाजले की बाळ निळे पडते. हे १९४५ मध्येच आयोवाच्या डॉ. कॉम्ली यांनी दाखवून दिले आहे.

जनावराचा हिशोब मात्र जरा वेगळा. म्हैस दिवसाला ६० लिटर पाणी प्याली आणि पाण्यात लिटरला १०० मिलिग्रॅम नायट्रेट असले, तर पोटात गेले ६ ग्रॅम. हिरवी वैरण ४० किलो खाल्ली, त्यात कोरडा भाग ८ किलो आणि त्यात नायट्रेट एक टक्का असले, तर गेले ८० ग्रॅम. कोरड्या भागात अर्ध्या टक्क्याच्या आत असेल तर सहसा भीती नसते, एक टक्क्याच्या वर गेले की धोका. तेव्हा केवळ विहिरीच्या पाण्याने म्हैस मेली असे सहसा होणार नाही. पण वैरणीने काठावर आणून ठेवलेल्या जनावराला ते सहा ग्रॅम पलीकडे ढकलू शकतात. उकिरडा विहिरीच्या वरच्या अंगाला असेल तर तो तिथून हलवलाच पाहिजे.

द्राक्ष-डाळिंबवाल्यांना एक वेगळी ताकीद. तेरा-शून्य-पंचेचाळीस आणि कॅल्शियम नायट्रेट या ठिबकच्या खतांत वजनाने निम्म्याहून जास्त नायट्रेटच असते. चव खारट, जनावर गोणी चाटते, टाकीतले पाणी पिते. युरिया खाल्ला तर त्याचे विष अमोनियाचे, उतारा थंड पाण्यातून व्हिनेगरचा. तोही निराळा. रिकामी गोणी गोठ्यात अंथरायची सवय आधी मोडा.

पंचनामा करणाऱ्यांसाठी

पूर, वीज अशा आपत्तीत जनावर गेले तर शासनाची मदत मिळते. त्या यादीत वैरणीच्या विषबाधेचे नाव नाही. विमा असेल तरच काही हाती लागते, आणि विमा कंपनी शवविच्छेदनाचा अहवाल मागते. आपल्याकडे पंचनाम्यात ‘विषारी पदार्थ खाल्ल्याने मृत्यू’ असे एक वाक्य लिहितात आणि विषय संपवतात. त्या एका वाक्याने विमा अडतो, आणि भाऊबंदकीत खटलाही उभा राहतो. तलाठी आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी शेवटची वैरण कोणती, केव्हा कापली, पाऊस कधी पडला आणि खत कधी दिले, एवढे चार मुद्दे जरूर लिहावेत.

ताटाच्या चिरलेल्या बुडख्यावर डायफिनिलअमाइनचा थेंब टाकला की नायट्रेट जास्त असल्यास लगेच गडद निळा रंग येतो. द्रावण तीव्र गंधकाम्लात करतात, म्हणून ते शेतकऱ्याने हाताळायचे नाही. पण प्रत्येक पशुवैद्यकीय दवाखान्यात एक बाटली ठेवणे काही महाग नाही. किरळीसाठी पिक्रेटची कागदपट्टी असते, ती पिवळ्याची विटकरी होते. दोन्ही चाचण्या काही मिनिटांच्या. पावसाळ्याआधीच्या ग्रामसभेत दवाखान्याकडे तीन गोष्टींची विचारणा करावी: बाटली आहे का, पट्टी आहे का, मेथिलिन ब्लू आहे का. उत्तर लेखी घ्यावे. पाण्यासाठी तर गावागावांत जलजीवन मिशनच्या चाचणी पेट्या आहेत, त्यांत नायट्रेटचीही चाचणी असते. ती पेटी कपाटातून बाहेर निघाली पाहिजे.

जनावर आजारी दिसले की आधी पुढ्यातली वैरण काढा, मग १९६२ या क्रमांकावर फोन लावा. हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा क्रमांक असून फोनला पैसे पडत नाहीत. फोनवर वैरण, वेळ आणि हिरडीचा रंग सांगा, म्हणजे येताना योग्य औषध गाडीत येईल. जनावर गेलेच तर पुरण्याची घाई करू नका. डॉक्टरांना डोळ्यातल्या पाण्याचा नमुना घेऊ द्या, रक्तापेक्षा त्यात नायट्रेट जास्त वेळ टिकते. उरलेल्या वैरणीतली चार ताटे बुडख्यासकट कागदात गुंडाळून, मालकाचे नाव आणि तारीख टाकून त्यांच्याकडे द्या. प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, ती तापते आणि नमुना वाया जातो. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत, पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे. नमुना कुठे पाठवायचा ते पंचायत समितीचे पशुधन विकास अधिकारी सांगतील.